कल्लव्वाची निवड

"सतरंजीखाली नाही, कपाटामागं नाही, आणि आता माझ्यात वाकायचा जीवही नाही!" शांभवी कॅरमच्या टेबलाला टेकून मटकन खाली बसली.

मे महिन्याची दुपार. शिवाजी पेठेतल्या तालमीच्या माडीवर पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. तीन दिवस झाले, शांभवी, तिच्या वर्गातली क्रांती आणि शेजारचा यशराज एकच कागद शोधत होते. सुट्टीत माणसाने झोपा काढाव्यात, आंबे खावेत! हे तिघे मात्र धूळ खात होते.

त्या कागदावर कल्लव्वा गडकर होती. म्हणजे त्यांच्या फाशांच्या खेळातलं शांभवीचं पात्र. यशराज गोष्ट सांगायचा, दोघी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायच्या आणि जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. वर्षापूर्वी शांभवीने फासे टाकले तेव्हा कल्लव्वाला शक्ती मिळाली सतरा आणि धाडस फक्त चार! पहिल्याच मोहिमेत ही ढालवाली पोरगी घुशीला बघून पळाली. नियम असा, की जिथून पळालो तिथे परत जाऊन उभं राहिलं की धाडस एकाने वाढतं. चाराचं चौदा व्हायला वर्ष गेलं, वाटेत एक कानही गेला. खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं.

"ए, यादी लागली!" क्रांती जिन्यातून ओरडली.

तालमीचा मुलींचा पहिला फुटबॉल संघ! शांभवीने गोलकीपर व्हायचं म्हणून फॉर्म भरला होता. एवढी हिंमत तिने जन्मात पहिल्यांदा केली होती. दुखऱ्या पायांनी ती खाली फळ्यापाशी आली. अकरा नावं होती. तिचं नव्हतं.

"गोलकीपर, कल्लव्वा गडकर," यशराजने वाचलं आणि आ वासला. "आपली कल्लव्वा?"

"ती निवडली गेली. मी नाही," शांभवी म्हणाली. तिला रडू येत होतं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं.

यशराज डोकं खाजवत बसला. "थांब! आपण पात्रं लिहिली कशावर? तालमीच्या जुन्या कोऱ्या फॉर्मवर! नाव, वय, उंची आयतं छापलेलं. खाली आपण शक्ती आणि धाडस लिहिलं. आणि तू तुझा फॉर्म कुठं भरलास?"

"त्याच टेबलावर. दोन्ही कागद तिथंच ठेवलतो मी."

"म्हणजे बाळासोकाकांनी सगळा गठ्ठा उचलला!"

"पण रविवारी चाचणी होती की!" क्रांती म्हणाली.

"कसली चाचणी?" शांभवी म्हणाली. "सहा ते दहा उन्हात उभं केलं आपल्याला. कोण आलंच नाही!"

संघाचे चिटणीस बाळासोकाका बाहेर कट्ट्यावरच चहा पीत होते. शेजारी आकाराम वस्ताद, तालमीतले सगळ्यात जुने. यशराज साळसूद चेहरा करून पुढे गेला.

"काका, नवी गोलकीपर कशी हाय हो?"

"लई भारी पोरगी! चाचणीत म्या सोता बघितली की. वाघीण हाय वाघीण!"

"तिला एकच कान हाय न्हवं?"

काका अडखळले. वस्ताद बघत होते. "व्हय... एकच हाय. त्यानं खेळाला काय हुतंय?"

"आणि तिनं अजगर मारला ते?"

"गावाकडची पोरगी, मारला आसंल की!"

"ढालीनं?" क्रांतीने विचारलं.

वस्तादांनी कप खाली ठेवला. "बाळासो, फॉर्म आण."

फॉर्म आला. वस्ताद मोठ्याने वाचू लागले. "वय तेरा. उंची पाच फूट आठ. पत्ता, अस्वलाच्या गुहेमागं..." अख्खा कट्टा हसायला लागला! "चाचणी घेतली न्हाईस व्हय रं?"

"ऊन लई हुतं, वस्ताद," काका घाम पुसत म्हणाले. "उंची बघितली आन् टिक केली."

"हे लिवलंय कुणी?"

शांभवी पुढे झाली.

"धाडस चाराचं चौदा कसं झालं?"

"पळालेल्या जागी परत गेली की एक वाढतं."

"दहा येळा परत गेली? आन् तू?"

"मी अजून एकदाबी न्हाय गेलो," ती खरं ते बोलली.

"मग सकाळी सहाला मैदानावर ये. समद्या पोरींची चाचणी म्या घेतो."

सकाळी शांभवीच्या पायांत गोळे आले होते. पहिला चेंडू आला, तिने डोळे मिटले आणि ती बाजूला झाली. गोल! दुसरा, तिसरा, तसेच गोल. तिला घरी जावंसं वाटलं. ती खांबाकडे सरकलीसुद्धा.

"कुठं निघालीस?" क्रांती ओरडली.

शांभवी थांबली. तिला स्वतःचाच राग आला. ती परत मधोमध येऊन उभी राहिली. चौथा चेंडू थेट पोटात बसला आणि ती खाली बसली, पण चेंडू तिच्या हातात होता! दहापैकी सहा तिने अडवले. गोलकीपरसाठी आलेल्या दुसऱ्या मुलीने चार.

तालमीत परतल्यावर बाळासोकाकांनी सगळ्यांसमोर कान पकडले. "चुकलं, पोरींनो."

"ह्या तिघांनी डोळं उघडं ठेवलं म्हणून बरं," वस्ताद म्हणाले. "न्हायतर बिनगोलकीपरचा संघ मैदानात गेला आसता. शाब्बास रं पोरांनो! आन् पोरी, मार खाऊन उभी ऱ्हायलीस, ह्येला म्हणत्यात खेळाडू." त्यांनी बाहीने फळा पुसला आणि खडू घेतला. "नाव सांग."

"पुरं लिवा, वस्ताद. शांभवी सोमलिंग हिरेमठ."

शेवटचं अक्षर होईपर्यंत ती उभी राहिली. मग तिथेच पायरीवर बसली, कारण आता खरंच पाय उचलत नव्हते.