गिअरमधली चीर

सकाळी पट्टा अचानक हिसका देऊन उलटा फिरला आणि त्यावर काम करणाऱ्या काशीनाथची बोटं रोलरखाली गेली. भाईंदर पूर्वेच्या त्या चमच्यांच्या कारखान्यात आधी पोलीस आले, मग विमा कंपनीची तपासनीस मिनल तांडेल.

पट्टा फिरवणाऱ्या नायलॉनच्या गिअरचा एक दात तुटला होता. मिनलने तो उजेडात धरला. मुळाशी सरळ चीर, तिच्यात मुरलेलं ग्रीस. पुढे तडा सरकत गेल्याच्या मळकट रेषा. शेवटचा भाग वितळल्यासारखा चकचकीत.

"स्पीड कोणी वाढवला?"

"मीच," संचिता म्हणाली. सुपरवायझर म्हणून तिचं नाव गेल्या आठवड्यातच ठरलं होतं, सोमवारी तिने काम हाती घेतलं. "शेठना माल अर्जंट हवा होता. पण गिअरचं कव्हर मी उघडलंच नाही."

"मग कोणी उघडलं?"

"शनिवारी दुपारी मेकॅनिक दिपेशने. शेठसमोरच ग्रीस भरलं त्याने. त्याआधी कव्हरची किल्ली स्वातीताईंकडे असायची."

कारखान्यात संचिताहून जुनी असलेली स्वाती गावाहून नुकतीच परतली होती.

"मी शनिवारी सकाळीच रत्नागिरीला गेले," ती म्हणाली. "गिअर मोडलं आज. आधी कोणी कापलं असतं तर तेव्हाच नसतं का मोडलं?"

"संचिताला बढती मिळाली, कसं वाटलं?"

"पाना धरायला मी शिकवलं तिला. आता शेठ तिला मॅडम म्हणतात. कसं वाटणार?"

मिनलने दात टेबलावर ठेवला.

"चिरेच्या आत ग्रीस आहे. म्हणजे चीर दिपेशने ग्रीस भरण्याआधीची, किल्ली तुमच्याकडे होती तेव्हाची. दात लगेच तुटला नाही, कारण मशीन हळू चालत होती. नायलॉन सारखं वाकलं की आतून तापतं. हळू चालताना ती उष्णता निघून जायची, तडा जेमतेम सरकायचा. स्पीड वाढला आणि उष्णता तड्याच्या टोकाशी साठली. नायलॉन मऊ पडलं, तडा आरपार गेला. आणि स्वातीताई, गिअर कापलं होतं हे मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं."

स्वातीने टेबलावरचा दात उचलला.

"तिच्या हाताखाली मशीन बंद पडावी, शेठनी तिला चार शब्द ऐकवावेत. एवढंच हवं होतं मला. कोणाला लागावं असं नव्हतं."

संचिता दारात उभी होती.

"मी आत्ताच हॉस्पिटलमधून आले, ताई," ती म्हणाली. "काशीनाथदादा विचारत होते, स्वाती गावाहून आली का. म्हणाले, ती असती तर असं झालंच नसतं."