पाण्याचे पिंजरे शेवटी

दाओनला उंदरांचे पिंजरे सांभाळणाऱ्या ग्युहोचे फक्त डोळे ठाऊक होते. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या त्या प्रयोगशाळेत उंदरांच्या खोलीत शिरायचं म्हणजे टोपी, मास्क, पांढरा झगा... माणूस उरतोच कुठे? पहिल्याच दिवशी दारात दोघांची टक्कर झाली आणि त्याच्या हातातला भुसा तिच्या बुटांवर सांडला.

"माफ करा. एरवी मी पिंजऱ्यातच घालतो."

ती मास्कआड हसली.

"दिसलं हं," तो म्हणाला. "डोळे हसले तुमचे."

झालं... दाओनचा जीव तिथेच गुंतला.

खाण्याच्या डब्यांना लावायची चांदीची अतिसूक्ष्म भुकटी पोटात गेली तर चालते का, हे तिला शोधायचं होतं. नव्वद दिवस रोज बोथट सुईने उंदरांच्या घशात डोस सोडायचा. वीस उंदरांना नुसतं पाणी, विसांना थोडी चांदी, विसांना भरपूर. सुरुवात पाण्यापासून करायची, म्हणजे हातमोज्यांवरची चांदी पाण्याच्या उंदरांपर्यंत पोचत नाही. पण ग्युहो पाण्याच्या पिंजऱ्यांच्या रांगेतला भुसा बदलायला यायचा बरोबर चार वाजता. दाओनने हळूच ती रांग शेवटी ठेवली. गप्पांच्या नादात हातमोजे बदलायचे राहून जायचे.

निकाल आला. नुसतं पाणी प्यायलेल्या उंदरांच्या यकृतातही चांदी निघाली होती. तयारीपासूनची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

"पिंजरे धुतलेच नसणार," विभागप्रमुख बांगबाई कडाडल्या. "त्या ग्युहोला घरी पाठवते."

दाओन धावत धुण्याच्या खोलीत गेली. तो मास्क लावून पिंजरे घासत होता.

"पिंजरे धुतले नाहीत असं कबूल करून टाकतो मी," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं नाव नको यायला."

"पण चूक माझी आहे. मी रांग उलटी —"

"माहीत आहे."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर..." त्याने नळ बंद केला. "चार वाजता तुम्ही दुसऱ्या टोकाला असतात."

रागावावं की रडावं, तिला कळेना. आतून मात्र तिला आनंदच झाला आणि तिची तिलाच लाज वाटली.

चूक झाली की जो अहवाल द्यावा लागतो, त्यात कारणाचा रकाना असतो; तो दाओनने भरला. दुसऱ्या दिवशी बैठकीत बांगबाईंनी तो मोठ्याने वाचला, "'चार वाजता ग्युहो त्या रांगेत येत असत आणि मला त्यांच्याजवळ असायचं होतं.'" बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे असंच ठेवायचं?"

"हो बाई. खरं तेच आहे."

"आणि मला ते दिसत होतं," मागून, कामावरून मास्क न काढताच आलेला ग्युहो उठून म्हणाला.

शिक्षा झाली. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, पण दुसऱ्या कुणाच्या हातून. दाओन वर्षभर कागदांवर, ग्युहो माकडांच्या इमारतीत.

शरद ऋतूत प्रयोगांत मेलेल्या प्राण्यांच्या आठवणीसाठी आवारातल्या स्मारकाच्या दगडापुढे सफरचंदं ठेवली, पांढरी शेवंती वाहिली, सगळे वाकले. शेजारचा माणूस कोण ते दाओनला डोळ्यांवरून कळलं. आज मास्क नव्हता; नाक वाकडं होतं, गालावर खळी होती. हे तिने कधी कल्पनेतही आणलं नव्हतं.

"साठ जीव फुकट गेले आपल्यापायी," ती पुटपुटली.

"हो." तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग हळूच म्हणाला, "चार वाजलेत."

दाओनने त्याचा हात धरला. हातमोज्यांशिवाय, पहिल्यांदाच.