पश्चिमेची पहाट

त्या दिवशी भाऊजींनी आपणहून चहा केला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

दारात येऊन उभी राहिलेली मुलगी हे ऐकून एकदम रडायलाच लागली.

भाऊजी जागच्या जागी थिजले. जन्मभर टायपिंग शिकवून निवृत्त झालेला हा माणूस रिकामपणाला कंटाळून वहिनींच्या तपासाच्या धंद्यात शिरला होता. कुणी रडायला लागलं की काय करायचं, हे त्यांना अजून उमगलेलं नव्हतं. त्यांनी हातातला कप मुलीला देऊन टाकला.

"माझ्या फिल्ममध्ये तो खरंच पश्चिमेला उगवलाय," मुलगी म्हणाली.

मुलगी दिग्दर्शिका होती. प्रांताच्या चित्रपट मंडळाने बंद सूतगिरणीत स्टुडिओ उभा केला होता. इथल्या माणसांनी इथल्या भाषेत फिल्म करावी. कॅमेरा मंडळाचा, आणि प्रांतातली तेराही थिएटरं महिनाभर तिला मोकळी. अट एकच, स्टुडिओबाहेरचं प्रत्येक दृश्य प्रांताच्या हद्दीत घेतलेलं हवं. या योजनेतली पहिली फिल्म तिची होती.

"शेवटी पहाटेचं दृश्य आहे, तळ्यावरचं. मंडळाचे चिटणीस म्हणतात, हे तळं आपलं नाहीच. आपल्या तळ्याची टेकडी पश्चिमेला आहे, आणि फिल्ममध्ये सूर्य टेकडीमागून वर येतो. आज पाचला निकाल. पहिलीच फिल्म खोटी ठरली तर ती डब्यात जाईल, आणि योजनाही गुंडाळतील."

"दृश्य घेतलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"तापाने फणफणले होते. दोन दिवस शुद्ध नव्हती. कॅमेरामन दादा म्हणाले, तू झोप, पहाट मी आणतो. दृश्यात एकट्या ताईच आहेत, त्यांची मोठी बहीण. दोघंच गेले आणि दोघंच आले."

"दादा काय म्हणतात?"

"आपलंच तळं, एवढंच. त्यापुढे ब्र काढत नाहीत."

दुपारी मंडळाच्या थिएटरात फिल्म लावली. बाहेर रणरणतं ऊन आणि आत काळोख. पिकल्या केसांच्या ताई दादांचे दोन्ही हात धरून उलट्या पावलांनी आत आल्या, दादा त्यांच्यामागून. लहान मुलाला चालायला शिकवतात तसंच ते दिसत होतं. साठीच्या भावाची काय ही चेष्टा, असं वाटून भाऊजींना हसू आलं.

भाऊजी थिएटरात हटकून झोपतात. पण ते शेवटचं दृश्य लागलं आणि त्यांची झोप उडाली, किंवा जागेपणीच स्वप्न लागलं म्हणा. काळोखातून हळूहळू पाणी दिसू लागलं. टेकडीमागून उजेड वर आला. गुडघाभर पाण्यातून पायघोळ झग्यातली एक म्हातारी काठाकडे येऊ लागली, तरंगत आल्यासारखी. पाण्यातली वलयं तिच्या पायांशी येऊन मिटत होती. पलीकडच्या वीटभट्टीचा धूर धुराड्यापाशी गोळा होऊन नाहीसा होत होता. आवाज कसलाच नव्हता, नुसती बासरी. म्हातारी दगडांवर आली, अगदी जवळ आली आणि बघत राहिली. भाऊजींना उगीचच आपली आई आठवली.

"कसं होतं?" वहिनींनी विचारलं.

"सुंदर. फक्त गुडघाभर पाण्यातून येऊन झग्याचा घोळ कोरडा कसा, ते कळलं नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की भाऊजी गोंधळलेच.

चिटणीस पूर्वी भूगोलाचे मास्तर होते. ते म्हणाले, "मलाही पोरीला पास करायचंय हो. पण भूगोल माझं ऐकत नाही."

मग मंडळाच्या कचेरीत एकेकाला बोलावलं. आधी ताई आल्या. वहिनींनी विचारलं, "या वयात अनवाणी, दगडांवरून? त्रास झाला असेल."

"तळपाय पोळले नुसते," ताई म्हणाल्या, आणि घाईघाईने पाणी प्यायल्या.

शेवटी दादा. खिडकीपाशी बसून त्यांनी मंडळाचा जुना फिल्मचा कॅमेरा दाखवला. बारीक आकडे चष्म्याशिवाय वाचले. मोटरच्या खटक्यावर दोन बाण होते, एक पुढे, एक मागे.

"आपलंच तळं आहे, बाई. मला खोटं ठरवा, पण पोरीला नको."

"भाऊजी, ऊन डोळ्यांवर येतंय. पडदा ओढता?"

भाऊजींनी दादांपुढे चहाचा कप ठेवला आणि पडदा ओढला. दादांनी कपाकडे हात नेला तो वीतभर बाजूला, आणि चहा टेबलावर सांडला. "कप नीट ठेवत जा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. भाऊजींना वाईट वाटलं. कप त्यांनी नीटच ठेवला होता.

पाच वाजता सगळे थिएटरात जमले. दिवे लावले होते. चिटणीसांच्या मांडीवर कागद आणि शिक्का होता.

"चिटणीसांचा भूगोल बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. दिग्दर्शिकेचा चेहरा उतरला. "आणि दादाही खरं बोलतायत. तळं आपलंच आहे. खोटी आहे ती पहाट. ती संध्याकाळ आहे, उलटी चालवलेली."

वहिनींनी एकेक बोट दुमडत सांगितलं.

"धूर धुराड्यातून निघतो, आत शिरत नाही. वलयं पायांपासून पसरतात, पायांशी मिटत नाहीत. घोळ कोरडा, कारण ताई पाण्यातून आल्याच नव्हत्या, जात होत्या. घोळाचं श्रेय भाऊजींना. ताई म्हणाल्या, तळपाय पोळले. पहाटे काठावरचे दगड गार असतात, दिवसभर तापून पोळतात ते संध्याकाळी. सूर्य टेकडीमागे मावळत होता. ताई कॅमेऱ्याकडे तोंड करून मागे मागे पाण्यात गेल्या, आणि दादांनी खटका मागच्या बाणावर ठेवला होता. सोबतचा आवाज उलटा चालला नसता, म्हणून नुसती बासरी."

चिटणीसांनी मान हलवली. "मग सरळ पहाटेच का नाही घेतलं?"

"मला तळं कुठलं एवढंच विचारलं होतं," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

भाऊजींना नवल वाटलं. वहिनी कधी उत्तर अर्धं सोडत नसत.

दादा उठले. ताईंनी त्यांची बाही धरली. "बाबू, माझी शपथ आहे तुला."

"मोडली, ताई." दादा दिग्दर्शिकेकडे वळले. "मला अंधारात दिसत नाही, पोरी. चार वर्षं झाली. पहाटेसाठी कॅमेरा अंधारात लावावा लागतो. संध्याकाळी निदान उजेडात लावून ठेवता येतो, मग होईना का अंधार. हे बाहेर फुटलं तर मला कोण काम देईल, म्हणून ताईने शपथ घातली होती. पण तुझी फिल्म बुडवून मला कॅमेरा नको."

चिटणीसांनी कागदावरची अट पुन्हा एकदा वाचली. "अटीत जागा लिहिलीय, वेळ लिहिलेली नाही," ते म्हणाले आणि शिक्का मारला. मग जरा अवघडून म्हणाले, "परत एकदा लावता का ते दृश्य? मी मघाशी नुसती टेकडीच बघत होतो."

दिग्दर्शिका डोळे पुसत दादांपाशी गेली. "पुढच्या फिल्ममध्ये चार पहाटा आहेत, दादा. चारही संध्याकाळी घेऊ."

दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिवे मालवले गेले तेव्हा ते उभेच होते.

पडद्यावर पाणी उजळू लागलं. त्या अंधुक उजेडात भाऊजींना दिसलं, ताईंनी दादांचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांच्याकडे बघत, एकेक पाऊल मागे टाकत, त्यांना खुर्चीकडे न्यायला लागल्या. पाय चाचपडत नव्हते, अडखळत नव्हते. चार वर्षांचा सराव होता तो. तीच चाल पडद्यावर पाण्यातून येत होती. मघाशी आपण हसलो, याची भाऊजींना मनापासून लाज वाटली.

त्यांनी वाटेतले आपले पाय अलगद आत घेतले.