ओहोटीच्या ओळीतला श्वास

"आई, ते गाणं तू कुणाचं उचललंस?"

दाल्लेने हे दारातच विचारलं, पायांतले बूटही न काढता. सोलहून मोक्पो बंदरातल्या घरी पोचेपर्यंत सगळा रस्ताभर तिने हा एकच प्रश्न घोळवला असावा. ओक्बुन जमिनीवर बसून कोबीच्या पानापानांत तिखट भरत होती, कोपरापर्यंत हात लाल झाले होते. तिने मान वर केली नाही. गाणं आपल्या घरचंच आहे, तुझ्या आजीच्या बेटावरचं, एवढंच ती म्हणाली आणि पुढचं पान उलगडलं.

घडलं होतं ते सगळ्या देशाने पाहिलं होतं. दाल्ले एकतीस वर्षांची, सकाळी धक्क्यावर बेटांच्या बोटीची तिकिटं फाडायची आणि सुटीच्या दिवशी लोकांच्या साठीच्या समारंभांत गायची. टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेत ती हजारोंतून शेवटच्या सातांत पोचली होती. उपांत्य फेरीत तिने घरचं तेच जुनं गाणं म्हटलं. 'थांब ना रे नावाड्या, ओहोटी सरेपर्यंत थांब...' त्यातल्या 'ओहोटी' या शब्दाच्या ऐन मध्यावर ती श्वास घेई. 'ओहो' म्हणून आवाज तुटे आणि 'टी' जणू नव्याने जन्माला येई. परीक्षकांच्या मधल्या खुर्चीवर बसलेल्या प्रसिद्ध गायिका मिन हेजूने त्यावर काय म्हणावं? तो श्वास माझा आहे, ती म्हणाली, माझ्या पहिल्या रेकॉर्डपासून सगळे त्याची नक्कल करतात, तेव्हा अंतिम फेरीला येताना स्वतःचा श्वास घेऊन या. प्रेक्षक हसले. दुसऱ्या दिवशी फोनाफोनांवर दाल्लेचं एकच नाव झालं, नकलाकार.

"मी तिची रेकॉर्ड कधी नीट ऐकलेलीसुद्धा नाही," दाल्ले रडवेल्या आवाजात म्हणाली. "ती टीव्हीवर आली की तू टीव्ही बंद करायचीस. मी तुझ्याकडून शिकले. मग तू कुणाकडून शिकलीस, ते सांग ना."

ओक्बुनने भरलेला कोबी बरणीत दाबला. गप्प राहण्याचा तिला एकोणचाळीस वर्षांचा सराव होता.

कारण मिन हेजू म्हणजे मालजा, तिची पाठची बहीण. आई मासळीबाजारात राबायची, बाप समुद्राने नेलेला, तेव्हा मालजाला नऊ वर्षांच्या ओक्बुननेच दुपट्याने पाठीवर बांधून वाढवलं होतं. पुढे ओक्बुन सत्तावीस वर्षांची असताना बाजाराच्या वर्धापनदिनाला सोलच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला, त्याने तिचं गाणं ऐकलं आणि पत्ता देऊन गेला. त्याच महिन्यात आईचं अर्धं अंग लुळं पडलं. कुणीतरी एकीने घरी राहायला हवं होतं... ओक्बुनने तो पत्ता अठरा वर्षांच्या मालजाच्या हातात ठेवला, गाणं तेच आणि गळाही आपल्याच घरचा, जा तू, असं सांगून तिला गाडीत बसवून दिलं. त्याग वगैरे शब्द तेव्हा तिच्या मनात आले नाहीत. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे, त्यात असले शब्द सुचायला सवड कुठली?

कंपनीने मालजाला नवं नाव दिलं आणि एक नवी कहाणीही दिली, या मुलीला जगात कुणीही नाही. लोकांना ती कहाणी गाण्याहूनही आवडली. अनाथ म्हणून मालजा इतकी मोठी झाली की पुढे तिला आई असणं परवडेना. आई गेली तेव्हा ती आली नाही. दारात पांढऱ्या शेवंतीचं एक भलंमोठं पुष्पचक्र मात्र आलं. अशा चक्राच्या रिबिनीवर पाठवणाऱ्याचं नाव असतं, ती रिबीन कोरी होती. शेजारणी कुजबुजल्या, दुकानदार विसरला असेल. ओक्बुनने ती रिबीन काढून घडी केली आणि आईच्या पेटीच्या तळाशी ठेवली. त्या दिवसापासून तिने बहिणीचं नाव उच्चारलं नाही.

आताही ती ते उच्चारू शकत नव्हती, आणि या खेपेला कारण राग नव्हतं. स्पर्धेच्या फॉर्मवर दाल्लेने सही केली होती की परीक्षकांपैकी कुणीही माझं नातलग नाही. तिला ठाऊक नव्हतं, पण जग हे मानणार होतं थोडंच! खरं सांगावं तर लेक लबाड ठरून बाहेर पडणार, न सांगावं तर चोर ठरून हरणार. ओक्बुनने रात्रभर विचार केला आणि तिला जमणारा एकच मार्ग काढला. तो श्वासच काढून टाक, तिने लेकीला सांगितलं.

तीन आठवडे मायलेकी ओक्बुनचं बाजारातलं लोणच्याचं दुकान बंद झाल्यावर बरण्यांच्या मधोमध बसून एका शब्दाशी झगडत राहिल्या. ओक्बुनला वाटायचं, आपण आपल्याच हाताने आपल्या तरुणपणाचा एकेक टाका उसवतो आहोत. अखेर दाल्लेला 'ओहोटी' सलग म्हणता येऊ लागलं. ते अगदी निर्दोष होतं आणि दोघींनाही आवडलं नाही.

अंतिम फेरीला घरच्यांनी समोर बसायचा रिवाज होता. आधीच्या फेऱ्यांना जाणं ओक्बुन दर वेळी दुखणं काढून टाळत आली होती. या वेळी बाजारातल्या बायांनी तिचं काही चालू दिलं नाही. पिवळे सदरे शिवून, दाल्लेच्या नावाचा फलक घेऊन त्या अख्खी बस भरून निघाल्या. ओक्बुनने खोकल्याचं निमित्त करून नाकावर मास्क चढवला, तेव्हा सुकी मासळी विकणारी म्हातारी म्हणाली, "एवढं तोंड झाकायला चोरी केलीस की काय गं?" ओक्बुन हसली खरी, पण तो शब्द तिला लागला.

दाल्ले सगळ्यांत शेवटी मंचावर आली. सुरुवात झकास झाली. ती ओळ जवळ आली तशी ओक्बुन नकळत उठून उभी राहिली. गाणं ऐकताना तिची एक लकब होती, दोन्ही हात पाठीमागे कमरेखाली एकात एक गुंफायचे, जरा पुढे वाकायचं आणि पायांवर डुलायचं. पोर कधीच उतरलं, आता तरी हात सोड, असं बाजारातल्या बाया तिला चिडवत. 'थांब ना रे नावाड्या...' दाल्लेने समोर आईकडे पाहिलं. मग तीन आठवड्यांची मेहनत तिने एका क्षणात समुद्रात सोडली. 'ओहो...' म्हणून तिने श्वास घेतला, लहानपणापासून घेत आली होती तसा, उघड्या तोंडाने, सगळ्या देशासमोर.

कॅमेऱ्याने त्याच वेळी मागच्या मोठ्या पडद्यावर आई दाखवली. मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसत होता. पण पाठीमागे वळलेले ते हात आणि ते डुलणं दिसत होतं, आणि 'ओहो'नंतर त्या बाईने पाठीवरचं कुणीतरी सावरावं तसा दिलेला छोटासा हिसकाही दिसला.

गाणं संपलं. इतर परीक्षक बोलले, काय बोलले ते ओक्बुनला ऐकू आलं नाही. हेजूची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ पडद्याकडेच पाहत राहिली. निवेदकाने दोनदा नाव घेतलं. मग ती उठून उभी राहिली.

"मागच्या वेळी मी म्हणाले, तो श्वास माझा आहे," ती म्हणाली. "खोटं होतं ते. मी तो माझ्या ताईकडून घेतला. ही मुलगी तिची आहे, माझी भाची. तिला हे माहीत नाही, तिचा काही दोष नाही. मला मोठी बहीण होती... आहे. आईसुद्धा होती. मी अनाथ नाही."

तिने समोरचा नावाचा फलक पालथा घातला, खुर्ची सोडली आणि मागच्या दाराने निघून गेली. निवेदकाने कशीबशी जाहिरातींची वाट धरली. पुढे अर्धा तास आत खलबतं झाली. दाल्लेला हेजूचे गुण धरायचे नाहीत आणि तिचा निकाल बाकीच्यांच्या गुणांवर लावायचा असं ठरलं. एका परीक्षकाचे गुण कमी पडून दाल्ले तिसरी आली. बसमधून मोक्पोचे दिवे दिसू लागले तेव्हा ती आईशेजारी सरकली. इतकी वर्षं माझ्यापासून का लपवलंस, असं तिने मग विचारलं. ज्या घराला बहीण नाही म्हणते त्या घराने तिला आपली कसं म्हणावं, ओक्बुन म्हणाली. दाल्लेने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिसरी तर तिसरी, ती म्हणाली, पण माझ्या श्वासावर आले.

हेजूच्या अनाथपणाची लक्तरं आठवडाभर वेशीवर टांगली गेली. जाहिराती गेल्या, दौरे रद्द झाले, आणि ज्यांनी तिच्या कहाणीवर डोळे पुसले होते तेच तिला शिव्या देऊ लागले.

आठव्या दिवशी सकाळी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर रंग नाही, पायांत साध्या चपला. बाजार क्षणभर थबकला आणि मग भलत्याच उत्साहाने मासळी तोलू लागला. ओक्बुनने तिच्याकडे पाहिलं. एकोणचाळीस वर्षांत या घडीसाठी तिने कितीतरी वाक्यं घोटून ठेवली होती.

"जेवलीस?" तिने विचारलं.

मालजाने नकारार्थी मान हलवली. ओक्बुनने बरण्यांमागे लहान मेज मांडलं, भात वाढला, कोबीची मुरलेली पानं हातानेच फाडून भातावर ठेवली. मालजा जेवेना. परवा आईची तिथी ना, तिने खाली मानेनेच विचारलं. ओक्बुन दुकानामागच्या घरात गेली, पेटीच्या तळाची घडी घेऊन आली आणि मेजावर उलगडली. पिवळी पडलेली रिबीन पाहताच मालजाने तोंडावर हात घेतला.

"रडू नकोस, त्यावर नाव लिही," ओक्बुन म्हणाली. "खरं नाव लिही. परवा आईपुढे ठेवू."

मालजाने लिहिलं. अक्षर शाळकरी पोरीसारखं आलं. मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, "ताई, मोठमोठ्या उस्तादांनी मला विचारलं, शब्द तोडून श्वास तिथेच का? मी काहीतरी दडपून सांगायचे. तू तिथे का घ्यायचीस गं?"

"घ्यायचीस काय, घ्यावा लागायचा," ओक्बुन म्हणाली. "तू पाठीवर असायचीस. 'ओहो'पर्यंत यायचं आणि तू खाली घसरायचीस. तुला वर सरकवायचं, दम खायचा आणि मग उरलेला शब्द म्हणायचा. दुपटं होतं आखूड, गाणं होतं लांब."

मालजाने रिबिनीवरचं आपलं नाव बोटाने चाचपलं. गाण्याच्या शाळांमधून मुलींना शिकवला जाणारा तो श्वास, ज्याला लोक तिची प्रतिभा म्हणत, तो तिच्याच वजनाचा होता.

"जड होते का गं मी?"

छे, असं म्हणायची ओक्बुनला आयुष्यभराची सवय होती.

"होतीस," ती म्हणाली. "चांगलीच जड होतीस."

मालजाने मेजावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. ओक्बुनने हातांचं तिखट धुतलं, एप्रनला हात पुसले आणि धाकटीच्या पाठीवर ठेवले.