तुरीतल्या विमानाचा पहारा

बसा. रुद्र, तू बी बस. जीप काही आता येत न्हाई. तुमी विचारलंच हाय तर सांगतो, पण मधी हसायचं न्हाई. गोष्ट मोहनसिंग राठोडची हाय, गोरेगावच्या अलीकडच्या तांड्यावरचा. तीस वर्षं वळखत होतो मी त्याला. खोटं बोलायची सवयच न्हवती, म्हणून कुणाशी धड पटायचं न्हाई त्याचं.

१८ नोव्हेंबर १९९८. बुधवार. अमावस्या. दुपारी तो गोरेगावला आलता, फवारणीच्या पंपाचं वायसर घ्यायला. वायसर घेतलं, माझ्यासंगं चहा पिला आन सायकलवर निघाला. चारच्या सुमारास तांड्याजवळ पोचला तर वर विमान. लहान, शिकाऊ पोरं चालवतात तसलं. त्यानं मान वर केली. इंजिन दोनदा खोकलं. मग आवाजच बंद. नुसता वाऱ्याचा सूंऽ सूंऽ. विमान नीट तांड्यावरच उतरून राहिलं होतं. घरं दिसली तसं ते डावीकडं वळलं आन मोहनसिंगच्याच तुरीत आदळलं.

आत एकटंच पोरगं. बावीस वर्षांचं. जागीच गेलं.

सांजच्याला पोलिसांनी त्या पोराचं मढं हिंगोलीला नेलं. जमादार म्हणला, "उद्या मुंबईहून चौकशीचे साहेब येणार. तवर खिळासुद्धा हलवायचा न्हाई. कोणता तुकडा कुठं पडला, कसा वाकला, त्याच्यावरून कारण काढतात ते." एक शिपाई पहाऱ्याला ठेवला. तो रात्री नवाला जेवून येतो म्हणून सेनगावला गेला, तो गेलाच. मग राहिला मोहनसिंग. एकटा.

तवर गावात बोभाटा झालता की पोरगं मस्ती करत होतं, खाली येऊन कसरती दाखवत होतं. ज्यानं काहीच पाहिलं न्हवतं, तोच जास्त सांगायचा. मोहनसिंग एकेकाला म्हणायचा, "इंजिन आधी बंद पडलं. मी ऐकलं." कोण ऐकतंय?

रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. त्यानं बॅटरी मारून घड्याळ पाहिलं, कारण धुऱ्याला, शेताच्या बांधाशी, जीप येऊन थांबली होती. एक माणूस उतरला. विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेचा मॅनेजर. हातात पाना.

"विमान आमचंच आहे," तो म्हणला. "इंजिनाखालची पेट्रोल गाळायची वाटी तेवढी काढून नेतो. पाच मिनिटांचं काम."

"साहेब येईपर्यंत न्हाई."

"तुला काय कळतं रे विमानातलं?"

"काहीच न्हाई. पण हात लावू देणार न्हाई."

मॅनेजरनं त्याला ढकललं. मोहनसिंग तुरीत पडला. मॅनेजर इंजिनाखाली वाकला, पाना लावला…

आन वर आवाज आला.

विमानाचा.

काहून हसतो रे रुद्र? सांगितलं न्हवतं का?

आभाळात दिवा न्हाई. काही न्हाई. नुसता आवाज, तांड्याच्या अंगानं येणारा. जवळ आला. इंजिन खोकलं. एकदा. दुसऱ्यांदा.

मग… काहीच न्हाई.

वाऱ्याचा सूंऽ सूंऽ तेवढा. खाली खाली. वारं न्हवतं, तरी तूर एका पट्ट्यात झोपत आली. त्यांच्याकडं. नीट त्यांच्याकडं…

मॅनेजरच्या हातातून पाना पडला. तो पळाला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

मोहनसिंगला उठता येईना. बॅटरी विझली होती. आन त्या मोडलेल्या विमानात, रिकाम्या सीटवर…

खट.

पट्ट्याचा खटका. कुणीतरी सोडला.

मला सांगताना तो म्हणला, "व्यंकटराव, पळालो असतो तर जिंदगीभर पळत राहिलो असतो." मग त्यानं काय केलं? उठला. अंधारात विमानापुढं उभा राहिला. बोलला:

"लेकरा, तू भेव दाखव, न्हाईतर उरावर बस. मी हालत न्हाई. तू इंजिन बंद केलं न्हाई, मला ठाव हाय. सकाळी सांगतो. समद्यांच्या तोंडावर सांगतो."

उजाडेपर्यंत तो तसाच उभा होता.

सकाळी साहेब आले. मीही गोरेगावहून पोचलो होतो. मॅनेजरही आला, इस्त्रीचे कपडे घालून. म्हणला, "पोरगा कसरती करत होता साहेब. सगळ्या गावानं पाहिलंय."

"न्हाई," मोहनसिंग म्हणला. "मी पाहिलं. आन रात्री हा पाना घेऊन आलता."

मॅनेजर लालबुंद झाला. साहेबांनी आधी पंखा पाहिला. एक पातं वाकलेलं, दुसरं सरळ. म्हणले, "पंखा जोरात फिरत असता तर दोन्ही पाती पिळवटली असती. इंजिन वरच बंद पडलंय." मग ती वाटी काढून काचेच्या बरणीत ओतली. वर पेट्रोल तरंगलं आन खाली… पाणी. बोटभर पाणी.

"एका कारणानं विमान पडत नाही," साहेब म्हणले. "अवकाळी पाऊस झाला, पेट्रोलच्या पिपाचं झाकण सैल राहिलं, भरणाऱ्यानं पाहिलं नाही. पोरानंही उडायच्या आधी तपासायला हवं होतं, तेही मी लिहीन. पण कसरत लिहिणार नाही. आणि घरं वाचवायला वळला, हे नक्की लिहीन."

माझं अक्षर बरं, म्हणून जबाब मीच लिहून घेतला. मोहनसिंगनं जांभळ्या शाईत अंगठा उठवला. एकच. माझ्या डोळ्यांसमोर. साहेबांनी कागद फाईलीत घातला, फाईल पेटीत, पेटीला कुलूप.

संध्याकाळी सेनगावच्या विश्रामगृहावर त्यांनी आमाला दोघांनाही जबाब वाचून दाखवायला बोलावलं. कुलूप आमच्यापुढंच उघडलं, कागद काढला आन दिव्याखाली धरला. मग हळूच विचारलं, "हा दुसरा साक्षीदार कोण?"

मी वाकून पाहिलं. मोहनसिंगच्या जांभळ्या अंगठ्याशेजारी आणखी एक अंगठा होता. इंजिनाच्या काळ्या तेलाचा. अजून ओला.