फोरमवरची इंगे वाइलर

जर्मनीतल्या आखन शहरातल्या त्या ऑफिसात सकाळी सगळ्यांत आधी प्राची गजभिये यायची. सातची बस, मग पाच मिनिटं पायी, ओली छत्री दाराबाहेरच्या डब्यात, आणि साडेसातला तिचा कॉम्प्युटर सुरू. त्याआधी घरी आंघोळ, छोट्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, त्रिसरण आणि पंचशील एवढं उरकलेलं असायचं. नागपूर सुटलं, मग पुणं सुटलं, पण हे एक दिवसही सुटलं नव्हतं. सहा वाजून दहा मिनिटांनी ती चौथ्या शीलाशी आलेली असायची: खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. बाकीची चार पाळायला तिला कष्ट पडत नसत. हे मात्र ती जपून जपून पाळायची. बसस्टॉपवर उभी असताना ऑफिसातून फोन आला तरी "पोचलेच" म्हणायची नाही, "अजून बस यायचीय" म्हणायची. यावरून तिची थट्टा चालायची. तिला त्याचं काही वाटत नसे.

तिची कंपनी विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर सांभाळायची. सत्तरेक माणसं, निम्मी आखनला, बाकीची कोलन, हानोव्हर अशी ग्राहकांच्याच इमारतींत बसलेली. एकाचं अडलं की तो दुसऱ्याला फोन करायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि सापडलेलं उत्तर त्यांच्या डोक्यातच राहायचं. म्हणून २०१४च्या उन्हाळ्यात ठरलं, की आपल्या माणसांपुरता एक ऑनलाइन फोरम काढायचा. कोणीही विचारावं, कोणीही सांगावं, बरोबर उत्तरावर हिरवी खूण. बेट्रीब्सराटने, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या समितीने, एकच अट घातली: टोपणनावं नकोत, ज्याने त्याने खऱ्या नावाने लिहायचं. फोरम उभा करायचं काम प्राचीकडे आलं.

त्या कामावर तिचं सगळंच टांगलेलं होतं. तिचा करार दोन वर्षांचा, एकतीस डिसेंबरला संपणारा. कायद्याने पुढे दोनच वाटा, कायमची नोकरी नाहीतर घरी. तिच्या नोकरीवर तिघांचा व्हिसा. नवरा अश्वजित विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होता. त्याचा प्रकल्प मार्चमध्ये संपला आणि तेव्हापासून तो घरी बसून अर्ज लिहीत होता. मुलगी प्रिया तिसरीत. मराठी समजायची, उत्तर जर्मनमध्ये द्यायची.

"फोरम चालला तर कायमची जागा तुझी," राजस म्हणाला होता. राजस तिचा मॅनेजर. मुंबईचा, बोलायला गोड.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. सोमवारी फोरम सुरू व्हायचा होता.

"प्राची, हे फारच रिकामं दिसतंय गं."

"सोमवारी येतील ना सर, लोक."

"रिकाम्या हॉटेलात कोण शिरतं जेवायला? आत चार जण बसलेले दिसले पाहिजेत. आठ-दहा प्रश्न टाकून ठेव, वेगवेगळ्या नावांनी."

"कोणाच्या नावांनी?"

"कोणाच्याही. बनव. टेस्ट डेटा गं, त्यात काय!"

"खऱ्या नावांची अट आहे सर. आणि मला नाही जमायचं ते."

राजस हसला. "हरिश्चंद्राची बहीण तू! बरं, आठ-दहा नको. एक टाक. माझ्यासाठी नको टाकूस, तुझ्या जागेसाठी टाक."

तो गेला. मग तिने स्वतःशीच तडजोड केली. नाव खोटं, पण प्रश्न खरा, तिला स्वतःला एकदा अडलेला. मूल झाल्यावरच्या रजेत बंद ठेवलेली आयुर्विमा पॉलिसी पुन्हा सुरू करताना सिस्टिम नव्याने आरोग्याची प्रश्नावली मागते. जुन्या करारांना ती कशी टाळायची? सोमवारी आपणच आपल्या नावाने उत्तर देऊ, असं तिने ठरवलं.

नाव तिने टाइप केलं, इंगे वाइलर. ते कुठून सुचलं, हे तिला सांगता आलं नसतं. कार्यालय: कोलन. कंपनीत कधीपासून? तिथे तिने २००९ लिहिलं, पुण्यात ती स्वतः नोकरीला लागली ते वर्ष. निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून. फोटोच्या जागी करडं वर्तुळ राहू दिलं.

शनिवारी सकाळी चौथ्या शीलाशी तिचा आवाज किंचित अडखळला. खोकला आला असेल.

सोमवारी साडेसातला तिने फोरम उघडला, तर प्रश्नाखाली उत्तर आलेलं होतं. लिहिणारी इंगे वाइलर. वेळ सहा वाजून दहा मिनिटं.

उत्तर बिनचूक होतं. जुन्या करारांत जन्मतारखेचं पान आधी उघडून बंद करायचं, मग पुन्हा सुरू करायचं, म्हणजे प्रश्नावली येत नाही. ही युक्ती प्राचीची होती. दीड वर्षापूर्वी अंदाजाने सापडलेली, आणि कोणी विचारलंच नाही म्हणून कोणाला न सांगितलेली.

"सर, इंगेच्या नावाने तुम्ही उत्तर दिलंत का?"

"मी? मला ती पॉलिसी कशाशी खातात ते माहीत नाही." राजस खूश दिसला. "छान लिहिलंयस. असंच चालू दे."

"मी नाही लिहिलं सर."

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत त्याने डोळा मिचकावला.

तिने इंगेच्या खात्याचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी इंगेची दोन उत्तरं आली. तिसऱ्या दिवशी पाच. लोक खरोखरच विचारू लागले होते, आणि इंगे कोणालाच वाट पाहायला लावत नव्हती. तिची जर्मन साधी, स्वच्छ, थोडी संकोची. माहीत नसलं तर तसं सरळ लिहायची. दोन आठवड्यांत फोरमवरच्या निम्म्या हिरव्या खुणा तिच्या झाल्या. प्राची उत्तर लिहायला घ्यायची, अर्ध्यावर येईपर्यंत तेच उत्तर इंगेच्या नावाने पडद्यावर यायचं, तिच्याच शब्दांत. पुढेपुढे तर तिला लिहायला घ्यायचीही गरज उरली नाही. नुसतं मनात जुळवलं तरी पुरत होतं.

मग तिने नोंदी तपासल्या. इंगे कोलनमधून लॉगिन करत होती. ग्राहकाची इमारत, चौथा मजला. त्या मजल्यावर सुदाम बसायचा, लातूरकडचा, मोठ्याने बोलणारा. तिने त्याला फोन लावला.

"सुदाम, तुमच्याकडे इंगे वाइलर म्हणून कोणी आहे का हो?"

"इंगे? आहे की! आत्ताच कॉफी आणायला गेली. काय काम काढलंस? आल्यावर फोन करायला सांगू?"

प्राचीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कशी आहे हो ती दिसायला?"

"कशी म्हणजे? अगं..." सुदाम थांबला. मागे कुठेतरी प्रिंटर चालू होता. "असते बघ ती. खिडकीजवळ. शांत बाई आहे." पुन्हा थांबला. "का गं, असं का विचारतेस?"

"काही नाही," असं ती म्हणणार होती. पण ते खरं नव्हतं. तिने न बोलताच फोन ठेवला.

त्याच दुपारी ती बेट्रीब्सराटच्या फ्राउ लेन्झेनकडे गेली. फ्राउ लेन्झेन निवृत्तीला आलेल्या, चष्मा दोरीला अडकवलेला, प्राचीवर एरवी माया करणाऱ्या. प्राचीने सगळं सांगून टाकलं. नाव मी बनवलं, अट मी मोडली, ही बाई अस्तित्वात नाही.

फ्राउ लेन्झेननी कपाटातून एक फाइल काढली, उघडून पाहिली आणि मिटली. आत काय होतं ते दाखवलं नाही.

"फ्राउ वाइलर २००९पासून आपल्याकडे आहेत. ख्रिसमसच्या जेवणात गेल्या वर्षी माझ्या शेजारी बसल्या होत्या." मग चष्मा काढून हळूच म्हणाल्या, "फ्राउ गजभिये, मला ठाऊक आहे, जागा एकच आहे. पण सहकाऱ्याबद्दल असं खोटं बोलू नये. तुम्ही तरी नाही."

खोटं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला तो शब्द लावला होता, आणि तोही ती खरं बोलली तेव्हा.

टेबलाशी परत येऊन तिने इंगेचं खातं उघडलं आणि ते पुसण्याचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: या व्यक्तीच्या २१२ नोंदी कोणाच्या नावे करायच्या? खाली रिकामी जागा. तिथे 'प्राची गजभिये' एवढं लिहिलं की संपलं होतं. ती सगळी तिचीच अक्कल होती, तिच्याच रात्रंदिवसाच्या खटपटी होत्या. पण लिहिल्या तिने नव्हत्या. दुसरं शील म्हणतं, न दिलेलं घेऊ नये. हे मला कोणी दिलंय का? कोणाला विचारायचं?

चौकट पाच मिनिटं तशीच उघडी राहिली. मग तिने 'रद्द' दाबलं.

नंतर पुष्कळ दिवस तिला वाटत राहिलं, की तेवढ्या एका क्षणी ते तिच्या हातात होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राजसने तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"आखनची ही जागा एकच होती, तुला माहितीये. वरून आकडे मागितले. फोरमवरचं जवळजवळ सगळं ज्ञान इंगेचं आहे, म्हणून जागा तिला गेली. मी तरी काय करणार?"

"सर, ती नाहीये. तुम्हीच म्हणाला होतात, एक नाव बनव."

राजसने तिच्याकडे बघितलं. चिडलेला नव्हता. आपल्याला काहीतरी आठवायला हवं आणि आठवत नाही, असा चेहरा होता त्याचा.

"मी? मी असं कशाला म्हणेन? अट आहे ना खऱ्या नावांची."

मग तो कामाचं बोलला. तुझी कामं इंगेला समजावून दे, समोरासमोर, शुक्रवारी दुपारी अडीच ते साडेचार. त्याचा एक कागद असतो, हस्तांतराचा. त्यावर तू सही केलीस की एका छोट्या कामावर मार्चअखेरपर्यंत मुदत वाढवून देता येईल, ठरावीक कामापुरतं तेवढं कायद्यात बसतं. तेवढ्यात दुसरीकडे बघ.

घरी अश्वजितने तो बिनसहीचा कागद दोनदा वाचला. "मी माझं सर्व काम फ्राउ वाइलर यांना प्रत्यक्ष समजावून दिलं आहे."

"कर सही आणि मोकळी हो."

"अहो, पण कोणाला समजावून दिलं म्हणू?"

"कोणालाही! भिंतीला! तीन महिने मिळतायत प्राची. प्रियाचं अर्धं वर्ष तरी इथे पुरं होईल. तुझ्या शीलाने भाडं भरतात का?" बोलून तोच ओशाळला. कागद घडी घालून तिच्या पर्समध्ये ठेवताना म्हणाला, "मला नोकरी असती तर मी तुला हे बोललो नसतो."

प्रियाने वहीतून डोकं वर काढलं. "ममा, इस्ट दी इंगे नेट?"

ती इंगे चांगली आहे का? प्राचीने विचार केला आणि खरं ते सांगितलं. "हो. चांगली आहे."

शुक्रवारी अडीचला ती मीटिंगच्या खोलीत गेली. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीबाहेर पाऊस आणि ढगांनी मंदावलेला उजेड. समोरची खुर्ची थोडी मागे सरकवलेली. कोणी नव्हतं. तीन वाजेपर्यंत तिने वाट पाहिली.

कागद पुढ्यात होता. सही केली तर खोटं. न केली तर तिघांची परतीची तिकिटं.

शेवटी तिने तिसरी वाट काढली. खरंच समजावून द्यायचं. म्हणजे कागदावरचं वाक्य खोटं ठरणार नाही.

"तर मग, फ्राउ वाइलर," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "जुन्या करारांपासून सुरुवात करू."

आधी लाज वाटली. मग सवयीने बोलणं सुरळीत झालं. कोणता ग्राहक चिडका, कोणती यादी महिन्याच्या दोन तारखेला आपोआप अडकते, कोणाला ईमेल न पाठवता फोनच करावा. तिने काही राखून ठेवलं नाही. राखलं असतं तर 'सर्व काम' हा शब्द खोटा ठरला असता.

एका ठिकाणी ती भरभर बोलली आणि थांबली. थोडा वेळ थांबून पुढे निघाली. पुन्हा एकदा तसंच झालं.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण कशासाठी थांबतोय ते. समोरच्याचं लिहून व्हावं म्हणून.

साडेचारला तिच्याजवळ सांगायचं काही उरलं नव्हतं. डोकं हलकं झालं होतं, रिकाम्या भांड्यासारखं. जुन्या करारांची ती युक्ती तिने मनात पुन्हा म्हणून पाहिली. पहिली पायरी आठवेना.

तिने सही केली. वाक्य खरं होतं.

राजस आत आला. कागद उचलून त्याने पाहिला. "झालं? दोघींच्या सह्या आहेत, बरं."

तिने कागदाकडे बघायचं टाळलं.

राजसने दार उघडून धरलं. ती बाहेर पडली. तो दार धरूनच राहिला, अजून एक माणूस बाहेर पडेल इतका वेळ. "डांके, फ्राउ वाइलर," असे आभार मानून तो शेजारच्याच जिन्याने खाली निघून गेला.

कॉरिडॉर अंधारा होता. तिथले दिवे माणूस खालून गेला की आपोआप लागतात. प्राची दाराशी उभी होती, भिंतीला टेकून, अगदी न हलता.

पहिला दिवा लागला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा.

सावकाश, कोणालाच घाई नसावी तसे, ते एकामागून एक लागत पुढे गेले आणि तिच्या टेबलाशी थांबले.