खिडकीकडे वळलेली वात

"माझा नवरा आईला वेडं करतोय," नीलिमा म्हणाली. "आणि तेही सिनेमात बघून."

खासगी तपासनीस सुनेत्रानं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. सहकारी निहार सावरून बसला.

नीलिमाचा नवरा अनिश कॉलेजात सिनेमा शिकवायचा. जुने ब्रिटिश मानसशास्त्रीय थरारपट हा त्याचा विषय. मे महिन्यात त्यानं घरी सगळ्यांना एक दाखवला. त्यातला नवरा वस्तू गुपचूप हलवतो आणि बायकोचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडतो. थोड्याच दिवसांत नीलिमाच्या आईचा, आशालताबाईंचा, चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग पूर्वेकडे केलेली समईची वात रोज सकाळी खिडकीकडे वळलेली दिसू लागली.

"आई गॅस पेटवायला घाबरते. उद्या नर्सिंग होम बघायला जायचं म्हणते. स्वतःहून."

सुनेत्रा आणि निहार सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या नीलिमाच्या फ्लॅटवर पोचले, तेव्हा जूनचं भर दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं.

"मीच संशयित ना?" अनिश म्हणाला. "हे चित्रपट बघितले की लोकांना घरोघरी तोच नवरा दिसतो."

"समई कोण फिरवतं?" सुनेत्रानं विचारलं.

"देवाकडे माझं लक्ष नसतं. मी संध्याकाळी या खिडकीत उभा राहतो. उत्तरेला पार मलेशियातल्या जोहोरचे दिवे दिसतात."

आशालताबाईंची नणंद अंजली एप्रिलमध्ये पुण्याहून आली होती. ती त्याच खिडकीचा पडदा ओढत होती.

"दक्षिणेचं ऊन, बाई. जेवताना नुसतं डोळ्यांवर येतं. पुण्यातही मी जाड पडदा लावलाय."

"तो सिनेमा कळला?" सुनेत्रानं तिला विचारलं.

"त्यात काय कळायचंय? आमच्या मालिकेत सासू हेच करते. वर्ष झालं, अजून संपत नाही."

आशालताबाई हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. "मीच करत असेन. आठवत नाही, एवढंच. झोपायचीही भीती वाटते."

"अनिशच," निहार कुजबुजला.

सुनेत्रानं सगळ्यांना बसवलं.

"सिनेमामुळे सगळे नवऱ्याकडे बघत राहिले. मी वातीकडे बघितलं. ती खिडकीकडेच का? माणूस गेल्यावर दिवा दक्षिणेला तोंड करून ठेवतात. काकूंना हादरवायचं तर तोच उपाय. पण ही खिडकी उत्तरेची."

"मग?" निहारनं विचारलं.

"फिरवणाऱ्यानं दिशा उन्हावरून ठरवली. पुण्यात बहुतेक वर्षभर दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं. इथे, विषुववृत्तापाशी, जूनमध्ये ते उत्तरेकडून येतं. अनिशना उत्तर ठाऊक आहे. काकू इथे कित्येक वर्षं राहतात. या खिडकीला दक्षिण म्हणालात त्या फक्त तुम्ही, अंजलीताई."

अंजलीनं उठून पडदा पुन्हा उघडला.

"दादा गेला, आता माझ्या माणसांत वहिनीच उरल्या. तिकडे घरात बोलायला कुणी नाही. वाटलं, घाबरल्या की वहिनी माझ्याबरोबर पुण्याला येतील. नर्सिंग होमचं माझ्या मनातही नव्हतं."

नीलिमानं अनिशकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?" आशालताबाईंनी विचारलं.

"ठणठणीत, काकू."

त्या नणंदेकडे वळल्या. "नुसतं विचारायचंस, अंजली."

"तुम्ही नाही म्हणाला असता, वहिनी."

"हो," आशालताबाई म्हणाल्या. "पण शुद्धीवर राहून म्हणाले असते."